मूळ प्रतीची नक्कल मागण्याचा हक्क

“छेडछाड केलीत ना, मग आता भोगा.” रूट केलेला, म्हणजे आतल्या व्यवस्थेवर पूर्ण ताबा मिळवलेला, किंवा दुसरेच सॉफ्टवेअर टाकलेला फोन पुन्हा कंपनीच्या मूळ स्थितीत आणू पाहणाऱ्याला हे उत्तर हमखास ऐकावे लागते. सेवाकेंद्राच्या काउंटरवर ते मिळते, वॉरंटीच्या बारीक अक्षरांत ते छापलेले असते, आणि बूटलोडर हा शब्द ज्यांनी कधी उच्चारलाही नाही तेही ते शहाणपणाच्या सुरात सुनावतात. या मताची पूर्ण मांडणी अशी आहे. फोन कंपनीने बनवला, त्यातले सॉफ्टवेअर कंपनीचे. ग्राहकाने हौसेने ते बदलले, त्या क्षणी कंपनीशी असलेले नाते त्याने स्वतःच तोडले. मूळ सॉफ्टवेअर परत देण्याचे बंधन कंपनीवर नाही. ते सर्वांना खुले केले तर चोरांचे फावेल, अर्धवट शिकलेले दुकानदार फोन बिघडवत सुटतील. आणि इतका जुना फोन सांभाळायचा कशाला, नवा घ्यावा. हे ऐकायला व्यवहारी वाटते, म्हणूनच ते इतके पसरले आहे. मला यातली एकही कडी मान्य नाही. विकलेल्या प्रत्येक फोनच्या मूळ सॉफ्टवेअरची प्रत मागेल त्या मालकाला मिळाली पाहिजे, ती देणे हे कंपनीचे कर्तव्य आहे, आणि फोनमध्ये आधी काय बदल झाला, कोणी केला, हा प्रश्न त्या कर्तव्याच्या आड येऊ शकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

पहिली कडी ‘हौसेची’. फोन बदलणारा म्हणजे रात्री जागून प्रयोग करणारा एखादा कॉलेजचा मुलगा, असे चित्र डोळ्यांसमोर ठेवून हे मत बोलते. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींत फोनचा प्रवास कसा होतो ते पाहिले की हे चित्र टिकत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघून या दोन तहसिलींचा पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि कागदावर हिंदी असा हा मुलूख. बाजार नागपूरचा. सीताबर्डीत वापरलेला फोन घ्यायचा, तो दोन-तीन वर्षे वापरायचा, मग घरातल्या धाकट्याला द्यायचा, ही इथली सर्वसाधारण रीत. अशा फोनच्या पोटात आधीच्या मालकाने काय करून ठेवले आहे हे नव्या मालकाला कळणार कसे? दुकानात फोन सुरू होतो, कॅमेरा चालतो, कॉल लागतो. मग घरी आल्यावर बँकेचे ॲप सांगते की हे उपकरण सुरक्षित नाही, आणि बंद होते. सरकारी समग्र आयडीचे ई-केवायसी, लाडली बहना योजनेच्या हप्त्याचा संदेश, संत्र्याचा बगीचा घेणाऱ्या व्यापाऱ्याने यूपीआयने पाठवलेला इसार, हे सगळे ज्या एका फोनवर येते तो फोन असा अडकला, तर त्या घराने कोणती छेडछाड केली? ज्याने केली तो कधीच निघून गेला. ‘भोगा’ हे उत्तर मात्र या घराला मिळते.

बरे, हा फोन मूळ स्थितीत आणायचा म्हणजे नेमके काय करायचे, याबद्दलही इतका गोंधळ आहे की तो दूर केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. “रिसेट मारा, सगळे मूळपदावर येईल” हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. फोनची साठवण वेगवेगळ्या कप्प्यांत वाटलेली असते. एका कप्प्यात फोन जागा होताना सर्वांत आधी चालणारा बूटलोडर, दुसऱ्यात अँड्रॉइडची व्यवस्था, तिसऱ्यात मोबाइल नेटवर्कशी बोलणारे मोडेमचे सॉफ्टवेअर, आणि शेवटी आपले फोटो, ॲप, संदेश यांचा कप्पा. रिसेट फक्त हा शेवटचा कप्पा पुसतो. व्यवस्थेच्या कप्प्यात परके सॉफ्टवेअर बसले असेल तर रिसेटनंतरही तेच राहते, फक्त आपले फोटो तेवढे जातात. खरे परतणे म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलसाठी, त्याच प्रदेशासाठी तयार केलेल्या मूळ फाइली सर्व कप्प्यांत नव्याने लिहिणे, आणि त्यानंतर बूटलोडरला पुन्हा कुलूप लावणे. दुकानात याला ‘सॉफ्टवेअर मारणे’ किंवा ‘फ्लॅश करणे’ म्हणतात. या कामाला संगणक लागतो, केबल लागते, सॅमसंगसाठी ओडिन, मीडियाटेक चिपसाठी एसपी फ्लॅश टूल, शाओमीसाठी मी फ्लॅश अशी साधने लागतात. आणि या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची लागते ती नेमकी मूळ फाइल. साधने बहुतेक दुकानांत असतात. घोडे अडते ते फाइलीपाशी.

‘ग्राहकाने बदलले’ हे वाक्यही तपासून घेतले पाहिजे. फोनचे सॉफ्टवेअर सर्वांत जास्त वेळा बदलते ती कंपनी स्वतः. रात्रीतून अपडेट येतो, सकाळी फोन वेगळा झालेला असतो. तो अपडेट जुन्या फोनला झेपला नाही तर मागे फिरण्याची वाट कुठे आहे? हा प्रश्न २०१८ मध्ये इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणापुढे आला. सॅमसंगने गॅलेक्सी नोट ४ च्या ग्राहकांना नव्या पिढीच्या फोनसाठी घडवलेला अपडेट घ्यायला वारंवार सुचवले, ॲपलने आयफोन ६ च्या ग्राहकांच्या बाबतीत तसेच केले. फोन मंदावले. प्राधिकरणाने त्या ऑक्टोबरात सॅमसंगला ५० लाख युरो आणि ॲपलला दोन कारणांसाठी मिळून १ कोटी युरो दंड जाहीर केला. दंडाच्या कारणांत एक मुद्दा आपल्या विषयाच्या गाभ्याचा आहे: फोनची मूळ कार्यक्षमता परत मिळवण्याचा परिणामकारक मार्ग ग्राहकाला दिला गेला नव्हता. म्हणजे परतीची वाट न ठेवणे हा दोष आहे, असे एका नियामक संस्थेने पुराव्यानिशी ठरवले. बदल कंपनीने केला तरी वाट नाही, मालकाने केला तरी वाट नाही, मग ‘तुम्ही छेडछाड केलीत’ हे कारण आहे की केवळ हाताशी आलेले निमित्त?

भारतातले एक उदाहरण तर असे आहे की ‘मूळ’ या शब्दाचाच अर्थ पुन्हा विचारायला लावते. डिसेंबर २०१४ मध्ये मायक्रोमॅक्सच्या ‘यू’ या नव्या नावाखाली युरेका हा फोन ८,९९९ रुपयांना जाहीर झाला. त्यात कंपनीने दिलेले मूळ सॉफ्टवेअर होते सायनोजेन ओएस. हे आले कुठून? २००९ च्या सुमारास हौशी प्रोग्रामरांनी अँड्रॉइडमध्ये फेरफार करून सायनोजेनमॉड बनवायला सुरुवात केली होती, त्याचेच हे व्यापारी रूप. ज्याला काल ‘छेडछाड’ म्हटले जात होते तेच आज खोक्यात बंद होऊन ‘कंपनीचे मूळ सॉफ्टवेअर’ झाले. ते इतके मोलाचे ठरले की भारतातल्या त्याच्या हक्कांवरून मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेच सॉफ्टवेअर असलेल्या वनप्लसच्या फोनच्या विक्रीवर त्याच महिन्यात मनाई आली आणि थोड्याच दिवसांत खंडपीठाने ती उठवली. पुढे काय झाले? ३१ डिसेंबर २०१६ ला सायनोजेन कंपनीने आपल्या सेवा बंद केल्या. दोनच वर्षांपूर्वी विकलेल्या फोनच्या मूळ सॉफ्टवेअरचा कर्ता नाहीसा झाला. त्या फोनला पुढचे सुरक्षा-दुरुस्त्या असलेले सॉफ्टवेअर मिळत राहिले ते सायनोजेनमॉडचा उघडा सोर्स कोड घेऊन उभ्या राहिलेल्या लीनेजओएसमधून, म्हणजे पुन्हा स्वयंसेवकांकडून. ज्यांना ‘छेडछाड करणारे’ म्हणून हिणवले जाते त्यांनी काम उघड्यावर ठेवले म्हणून ते उरले. कंपनी जे दार बंद करून बसली होती त्या दारामागे काहीच शिल्लक राहिले नाही. मूळ आणि बदललेले यांत पवित्र आणि भ्रष्ट असा भेद करणाऱ्यांनी या इतिहासाचे काय करायचे ते सांगावे.

आता मालकीची कडी: सॉफ्टवेअर कंपनीचे, त्यामुळे ते द्यायचे की नाही हे कंपनी ठरवणार. कॉपीराइट कंपनीचा आहे, यात वाद नाही. पण कॉपीराइट आणि विकत घेतलेली प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि भारतीय कायद्याला त्यातला फरक चांगला कळतो. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मधील (१)(एए) ही तरतूद सांगते की संगणक प्रोग्रामची प्रत ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याने हानी, नाश किंवा नुकसान यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करून ठेवणे हा हक्कभंग होत नाही. कायद्याने मालकाला राखीव प्रतीची मुभा दिली. पण आजच्या फोनमध्ये व्यवस्थेचा कप्पा कुलूपबंद असतो, मालकाला तो वाचता येत नाही, मग राखीव प्रत करणार कशी? कुलूप उघडावे तर बूटलोडर उघडताना फोन पुसला जातो आणि वॉरंटी जाते. कायद्याने दिलेली मुभा कुलपाने काढून घेतली आहे. अशा स्थितीत न्याय्य तोड एकच उरते: मालकाला प्रत करू देत नसाल तर मागेल तेव्हा तुम्ही ती द्या.

आपल्याकडे या तत्त्वाचे नाव फार जुने आहे, नक्कल. तहसिलीत जमिनीच्या खसऱ्याची प्रमाणित नक्कल मागणाऱ्या शेतकऱ्याला “आधीची नक्कल तू का हरवलीस” असे विचारून परत पाठवता येत नाही. त्याने शेतात संत्रा लावला की कापूस, बांध हलवला की विहीर खोदली, याचा नक्कल मिळण्याशी संबंध नाही. ठरलेले शुल्क भरले की नक्कल मिळते, आणि तिच्यावरची सही-शिक्का सांगतो की ही खरी आहे. या भागाने तर कार्यालये बदलताना पाहिली आहेत. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. २०२३ मध्ये जिल्ह्याचे ठिकाण छिंदवाड्याहून पांढुर्ण्याला आले. राजधानी बदलली, जिल्हा बदलला, तरी “ते जुने कार्यालय आता नाही, तुमच्या जमिनीची नोंद विसरा” असे कोणी म्हणाले नाही. फोनच्या बाबतीत मात्र हेच म्हटले जाते आणि आपण ते ऐकून घेतो. एलजीने एप्रिल २०२१ मध्ये फोनचा धंदा सोडल्याचे जाहीर केले, त्याच वर्षाच्या अखेरीस बूटलोडर उघडून देणारी सेवा बंद केली, आणि ३० जून २०२५ ला अपडेट पुरवणारे सर्व्हरही बंद केले. त्या फोनचे मालक अजून आहेत. त्यांनी पैसे पूर्ण दिले होते. त्यांच्या फोनच्या मूळ प्रतीचे वारस कोण?

सुरक्षिततेचा आक्षेप सर्वांत जोरात मांडला जातो, म्हणून त्याला सर्वांत जास्त जागा द्यायला हवी. मूळ फाइली खुल्या केल्या तर कोणीही त्यांत विषारी फेरफार करून पसरवेल, असे म्हणतात. पण अशा फाइलीवर कंपनीची डिजिटल सही असते. एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही आणि कुलूपबंद बूटलोडर ती फाइल स्वीकारत नाही. ‘व्हेरिफाइड बूट’ नावाची अँड्रॉइडमधली व्यवस्था याचसाठी आहे. फाइल कोणाच्या हातातून आली याला महत्त्व उरू नये, ती खरी आहे की नाही हे तिच्यावरूनच कळावे, हाच सहीचा उद्देश. मग फाइल लपवून काय साधते? साधते ते नेमके उलटे. कंपनी फाइल देत नाही म्हणून सौसरचा दुकानदार ती कुठल्या तरी अनोळखी ठिकाणाहून, जाहिरातींच्या चिखलातून, कधी पैसे भरून उतरवतो. ती फाइल त्याच मॉडेलची आहे का, त्याच प्रदेशाची आहे का, तिच्यासोबत संगणकात आणखी काय शिरले, हे पडताळून पाहायला त्याच्याकडे कंपनीने जाहीर केलेला साधा चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा, तोसुद्धा नसतो. ज्या धोक्याची भीती घालून दार बंद ठेवले जाते, तो धोका दार बंद असल्यामुळेच वाढतो. अधिकृत ठिकाणी, चेकसमसह, मोफत ठेवलेली फाइल हाच भेसळीवरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

चुकीच्या फाइलीचे परिणाम किती गंभीर असतात हे ठाऊक नसलेलेच ‘दुकानदाराने बिघडवला’ असे सहज बोलतात. मोडेमच्या कप्प्याशी निगडित माहिती पुसली गेली तर फोनची ओळख असलेला आयएमईआय क्रमांक नाहीसा होतो, आणि फोन नेटवर्क पकडत नाही. मग तो क्रमांक पुन्हा लिहिण्याची खटपट सुरू होते. आयएमईआयशी छेडछाड हा दूरसंचार अधिनियम २०२३ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशा शिक्षेचा गुन्हा आहे. योग्य फाइल हाताशी असती तर जो प्रसंग उद्भवलाच नसता, त्यातून एक छोटा कारागीर कायद्याच्या कडेलोटापर्यंत येऊन उभा राहतो. आणखी एक प्रकार पाहा. फेब्रुवारी २०१८ मध्ये भारतात आलेला रेडमी नोट ५ प्रो अतिशय लोकप्रिय झाला. त्याच वर्षी जुलैच्या सुमारास शाओमीने त्यात जुन्या आवृत्तीकडे परत जाण्यावर बंदी घालणारी व्यवस्था सुरू केली. ज्यांनी त्यानंतर कंपनीचेच, पण आधीच्या आवृत्तीचे सॉफ्टवेअर टाकले त्यांचे फोन डेड झाले. ते जिवंत करायला क्वालकॉम चिपच्या आणीबाणीच्या मार्गाने आत शिरावे लागते, आणि त्यासाठी शाओमीने परवानगी दिलेले खाते लागते. सामान्य दुकानदाराकडे ते नसते. तो दूरच्या कोणा खातेधारकाला पैसे देऊन आपला संगणक त्याच्या हवाली करतो. यात अर्धवट शिक्षण कोणाचे? मूळ फाइलच मूळ फोन मारू शकते आणि त्याची सूचना ग्राहकाला समजेल अशा भाषेत कुठेही नाही, या परिस्थितीचे खापर पांढुर्ण्याच्या टपरीवर फोडणे अन्यायाचे आहे. जुन्या आवृत्तीतल्या भगदाडांतून कोणी घुसू नये म्हणून अशी बंदी घालणे समजू शकते. पण मग कोणत्या आवृत्तीपर्यंत मागे जाता येते याचा तक्ता फाइलीशेजारी ठेवायला काय हरकत होती?

चोरांबद्दल. चोरलेल्या फोनवर नवे सॉफ्टवेअर मारले की तो चोराचा होतो, असे म्हणणाऱ्यांनी गेल्या दहा वर्षांत झालेले बदल पाहिलेले नाहीत. अँड्रॉइड ५.१ पासून रिसेटनंतर आधीच्या गुगल खात्याची मागणी करणारे संरक्षण आले, आणि ते मूळ सॉफ्टवेअर नियमाने टाकले तरी आपोआप जात नाही. त्याहून मोठी गोष्ट, मे २०२३ पासून देशभर लागू झालेली सीईआयआर व्यवस्था. हरवलेल्या फोनचा आयएमईआय संचार साथी या सरकारी पोर्टलवर नोंदवला की तो भारतातल्या नेटवर्कवर अडवला जातो, आणि सॉफ्टवेअर कितीही वेळा मारले तरी ही अडवणूक उठत नाही. चोराला मूळ, अस्सल, कुलूपबंद सॉफ्टवेअरचा काय उपयोग? त्याला आयएमईआय बदलायचा असतो, आणि अस्सल सॉफ्टवेअर तेच करू देत नाही. मूळ फाइलीची गरज प्रामाणिक मालकाला असते.

वॉरंटीवाल्यांचे एक म्हणणे मी मान्य करतो. प्रोसेसरला ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर पळवून कोणी चिप जाळली, तर त्याचा खर्च कंपनीने का सोसावा? सोसू नये. पण या एका उदाहरणाच्या आडून जे काही रेटले जाते ते मान्य करण्यासारखे नाही. चार्जिंगचा पिन ढिला झाला, आवाजाचे बटण आत गेले, यांचा सॉफ्टवेअरशी काय संबंध? आणि मालकाने मूळ सॉफ्टवेअर परत टाकले, कुलूप लावले, फोन जसा होता तसा केला, तरीही शिक्षा चालूच राहावी याला आधार कोणता? सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा-व्यवस्थेची एक सूक्ष्म तार असते. अनधिकृत सॉफ्टवेअर चालले की ती जळते आणि कधीही पूर्ववत होत नाही. त्यानंतर कंपनीचेच अस्सल सॉफ्टवेअर टाकले तरी सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर कायमच्या बंद. सुरक्षिततेसाठी खूण राहावी, असे समर्थन दिले जाते. खूण राहू द्या. पण सुरक्षिततेची तपासणी ही फोन आज कोणत्या स्थितीत आहे याची असते, की तीन वर्षांपूर्वी त्याच्या आधीच्या मालकाने काय केले याची? सीताबर्डीतून असा फोन घेणाऱ्याने त्या जळालेल्या तारेची किंमत का मोजावी? ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ ने ‘अनुचित करार’ ही कल्पना कायद्यात आणली आहे. परतीची वाट न ठेवता कायमची शिक्षा सुनावणाऱ्या अटी त्या कसोटीवर घासून पाहण्याची वेळ आली आहे.

यात आणखी एक विसंगती आहे, तिच्याकडे फारसे कोणी लक्ष वेधत नाही. अनेक कंपन्यांनी बूटलोडर उघडण्याची अधिकृत सोय स्वतःच दिली आहे. मोटोरोला मागितल्यावर कोड देते. शाओमीने तर अर्ज, खाते आणि १६८ तासांची प्रतीक्षा अशी पद्धत वर्षानुवर्षे चालवली. म्हणजे बाहेर पडण्याचे दार कंपनीने बांधले, त्यावर पाटी लावली, रांग लावली. मग आत येण्याच्या दाराची जबाबदारी कोणाची? परत येताना एक चूक झाली, उदाहरणार्थ चीनसाठी बनवलेल्या फोनवर जागतिक आवृत्ती ठेवून कुलूप लावले, तर हे सॉफ्टवेअर या फोनवर चालणार नाही असा संदेश दाखवून फोन तिथेच थांबतो. असे फोन व्यापाऱ्यांनीच आवृत्ती बदलून भारतात विकले आहेत. घेणाऱ्याला खोक्यावरून हे कळत नाही.

‘हे शक्य नाही’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुरावा समोर आहे. गुगल आपल्या नेक्सस आणि पिक्सेल फोनच्या मूळ फाइली आवृत्तीनिहाय, चेकसमसह, कोणालाही उतरवता येतील अशा ठेवत आली आहे. ब्राउझरमधूनच फोन मूळ स्थितीत आणण्याचे साधनही ती देते. त्यामुळे कोणते आकाश कोसळले? पण कंपनीच्या सदिच्छेवर हक्क उभा राहत नाही हेही त्याच कंपनीने दाखवले. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४ए ला बॅटरीची क्षमता घटवणारा अपडेट आला, आणि त्याच वेळी त्या फोनच्या जुन्या मूळ फाइली गुगलने आपल्या पानावरून काढून टाकल्या. बॅटरी तापण्याचा धोका हे कारण गंभीर आहे, आणि तसा धोका असेल तर तो स्पष्ट सांगून फोन परत घेणे हा मार्ग आहे. नोंदवहीतले पान फाडणे हा मार्ग नाही. जी प्रत वर्षानुवर्षे सर्वांसाठी खुली होती ती एका दिवसात दिसेनाशी झाली, आणि या कृतीला आव्हान द्यायला मालकाच्या हातात कुठलाही नियम नव्हता.

राहता राहिले ‘नवा घ्या’. याला उत्तर द्यायला फार शब्द लागत नाहीत. संत्र्याचा आंबिया बहार गेला, भाव पडला, तर ज्या घरात पुढच्या हंगामापर्यंत सगळे खर्च थांबतात, त्या घराला हा सल्ला देणाऱ्याने फोनची किंमत आधी त्या घराच्या हिशेबात मांडून पाहावी. चालू स्थितीतली काच, बॅटरी, कॅमेरा फक्त एका फाइलीअभावी भंगारात जातात, हे कुठल्याही हिशेबात बसत नाही. युरोपीय संघाने जून २०२५ पासून विकल्या जाणाऱ्या फोनसाठी, मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सॉफ्टवेअर अपडेट देण्याचे बंधन घातले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात मोबाइल हा एक मुख्य विषय होता, आणि त्याच डिसेंबरात राइट टू रिपेअर पोर्टल सुरू झाले. ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दुरुस्ती म्हणजे स्क्रीन आणि बॅटरी, एवढ्यावरच चर्चा बहुतेकदा थांबते. ज्या फोनचे सुटे भाग मिळतात आणि मूळ सॉफ्टवेअर मिळत नाही, तो फोन दुरुस्त होण्याजोगा आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

म्हणून मागणी नेमकी करायला हवी. भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहेच. त्या नोंदणीला एक अट जोडा: मॉडेलच्या प्रत्येक जाहीर आवृत्तीची सही केलेली मूळ प्रत, तिचा चेकसम, कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर जाता येते याचा तक्ता, आणि ती टाकण्याची कृती मराठीसह भारतीय भाषांत, हे सर्व कंपनीने स्वतःच्या पानावर मोफत ठेवावे. मूळ सॉफ्टवेअर टाकून कुलूप लावलेल्या फोनला नव्या फोनइतक्याच सोयी मिळाव्यात. आणि या सगळ्याची एक प्रत सरकारी संस्थेकडे जमा राहावी, म्हणजे कंपनी धंदा सोडून गेली, नाव विकले, सर्व्हर बंद केले, तरी ती प्रत लोकांना खुली होईल. यात नवीन असे काही नाही. ग्रंथ आणि वृत्तपत्रे यांच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा १९५४ चा कायदा आहे. त्या कायद्याप्रमाणे सौसरला चाळीस पानांचा कवितासंग्रह छापणाऱ्या प्रकाशकालाही प्रकाशनापासून तीस दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत आणखी तीन ग्रंथालयांना स्वतःच्या खर्चाने पोचवावी लागते. तो प्रकाशक चार पाकिटे पोस्टात टाकतो. लाखो फोन विकणाऱ्या कंपनीकडे तेवढीच मागणी करायची आहे.